उत्सव कोणाचा, ढोल कोणाच्या गळ्यात?

(बारवी धरणाच्या काठी भरलेल्या नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यातील भाषण)



आज येथे जमलेली कुटुंबे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतील आहेत. आपल्यापैकी पुष्कळांनी त्रिसरण आणि पंचशील ग्रहण केल्याला अजून फार दिवस झालेले नाहीत. घरातील देव्हारा रिकामा झाला, परंतु मनातील प्रश्न अद्याप रिकामे झालेले नाहीत. त्यांपैकी एका प्रश्नावर मी बोलावे अशी आज्ञा झाली आहे. दरवर्षी ९ ऑगस्ट रोजी आपल्या परिसरात जागतिक आदिवासी दिन साजरा होतो. मिरवणूक निघते, ढोल वाजतो, तारपा वाजतो, मुरबाड आणि कर्जतकडील पाड्यांवरून माणसे शहरात येतात. या उत्सवात बौद्ध कुटुंबांनी भाग घ्यावा काय, आणि घ्यावयाचा तर तो कोणत्या नात्याने, हा तो प्रश्न होय.

या बाबतीत माझ्या कानांवर दोन मते आली आहेत. एक मत असे की, आपण देवदेवतांचा त्याग केला असता जेथे वाघदेवाची गाणी गाइली जातात तेथे आपले काय काम? दुसरे मत याच्या उलट आहे. ते म्हणते की, आदिवासींचे नृत्यपथक आपल्याच कार्यक्रमाला बोलवावे, त्यांना बिदागी द्यावी, म्हणजे गर्दी जमेल आणि समारंभाला शोभा येईल. ही दोन्ही मते मला अमान्य आहेत. ती का, हे सांगण्यासाठीच मी उभा आहे.

प्रथम या समोरच्या पाण्याकडे पाहा. बारवी ही उल्हास नदीला मिळणारी नदी. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली तिच्यावर हे धरण बांधले. येथील पाणी कारखान्यांना जाते, तसेच आपल्या घरांतील नळांनाही येते. आपल्यापैकी कोणी मराठवाड्यातून आला, कोणी खानदेशातून, कोणी कोकणातून. पोटासाठी या शहरांत आला आणि हे पाणी पिऊन येथला झाला. परंतु हे पाणी रिकाम्या जागेवर साठलेले नाही. पुढे धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली, आणि प्रत्येक टप्प्याबरोबर आणखी जमीन पाण्याखाली गेली. तोंडली, काचकोली, मोहघर या गावांची नावे आपण वर्तमानपत्रांत वाचली असतील. गावाबरोबर पाडेही उठले. भाताचे खाचर गेले, सरपणाची आणि रानभाजीची वाट गेली, पूर्वजांची मूठमाती जेथे झाली ती जागाही गेली. पुनर्वसनाची आणि नोकऱ्यांची मागणी या माणसांना वर्षानुवर्षे करावी लागली. शहराची तहान भागली, परंतु ती भागविणाऱ्या माणसाचे नाव शहराला ठाऊक झाले नाही.

बंधूंनो, पाण्याचा इतिहास आपल्याला कोणी शिकवावयास नको. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ज्या पाण्यावर गुराढोरांना हक्क होता त्यावर माणसाला नव्हता, म्हणून तो लढा झाला. ज्या समाजाला पाणी नाकारले गेले त्याच समाजाच्या नळाला आज दुसऱ्याच्या बुडालेल्या गावावरून पाणी येत आहे. यात आपला अपराध नाही; धरण आपण बांधले नाही. परंतु पाणी पिणाऱ्याने ते कोणाच्या अंगणावरून आले एवढे तरी विचारावे की नाही?

याहून जुनी एक गोष्ट आहे. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्यात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत यांचे दर्शन हे दिलेले नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यामध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता. शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव मांडला; सिद्धार्थाने त्याला विरोध केला, मतांत तो हरला, आणि त्या विरोधाची किंमत म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली. आपल्या धम्माच्या उगमाशीच एका नदीचे पाणी आहे आणि ‘शेजाऱ्याशी कसे वागावे’ हा प्रश्न आहे. बारवीच्या काठी राहणाऱ्या बौद्धाने ही कथा केवळ वंदनेच्या वेळी ऐकून विसरावयाची नाही.

आता या दिवसासंबंधी. ९ ऑगस्ट ही तारीख संयुक्त राष्ट्रांनी ठरविली. १९८२ साली याच तारखेस जिनिव्हा येथे मूलनिवासी लोकांच्या प्रश्नांवरील कार्यगटाची पहिली बैठक झाली, आणि १९९४ साली आमसभेने हा दिवस दरवर्षी पाळण्याचा निर्णय घेतला. १३ सप्टेंबर २००७ रोजी मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. त्याच्या बाजूने १४४ राष्ट्रांनी मते दिली. त्यांत भारत होता. मात्र आपल्या सरकारची भूमिका अशी की, भारतातील सर्वच लोक येथले मूळचे आहेत. म्हणून आपल्या संविधानात शब्द आहे तो ‘अनुसूचित जमाती’. संविधान सभेत जयपालसिंग मुंडा यांनी ‘आदिवासी’ या शब्दासाठी आग्रह धरला होता, तो मान्य झाला नाही. तरी माणसांनी तो शब्द टाकला नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना करतो. ‘कोण मूळचा आणि कोण बाहेरचा’ हा वाद रक्तावर नेऊ नका. बाबासाहेबांनी १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते’ या ग्रंथात आर्यवंशाचा सिद्धांत खोडून काढला. आपला प्रश्न रक्ताचा नाही. जमीन कोणाची गेली, जंगलाचे दार कोणाला बंद झाले आणि निर्णय कोणाला न विचारता झाला, हा आहे.

उत्सवात माणसाला न विचारणे ही काय चीज आहे, याचे एक उदाहरण दूरच्या देशातले देतो. २६ जानेवारी १९३८ रोजी ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात गोऱ्यांच्या आगमनाची दीडशे वर्षे साजरी झाली. गोरे किनाऱ्यावर उतरले तो प्रसंग नाटकरूपाने दाखवावयाचा होता. सिडनीतील मूलनिवासींनी त्यात भाग घेण्याचे नाकारले. तेव्हा दूरच्या वस्त्यांतून मूलनिवासी माणसे आणण्यात आली आणि त्यांच्याकडून तो देखावा करवून घेण्यात आला. त्याच दिवशी त्याच शहरात विल्यम कूपर, जॅक पॅटन आणि विल्यम फर्ग्युसन या मूलनिवासी पुढाऱ्यांच्या चळवळीने ‘शोकदिन’ पाळला. त्यांना सभागृहात मागच्या दाराने जावे लागले. परंतु सभा त्यांची होती, ठराव त्यांचे होते, मागणी पूर्ण नागरिकत्वाची होती. आज त्या देशात दर जुलै महिन्यात मूलनिवासींचा जो सांस्कृतिक सप्ताह साजरा होतो, त्याचे मूळ या मागच्या दाराच्या सभेत आहे. त्या सजविलेल्या देखाव्यात नाही.

परंतु सिडनीला कशाला जावयाचे? आपल्या आजोबा-पणजोबांना विचारा. गावची जत्रा भरे. तिची लाकडे कोण फोडी? रात्रभर हलगी कोण वाजवी? पालखीच्या पुढे कोण चाले, आणि पालखी देवळात शिरताना बाहेर कोण थांबे? जत्रा गावाची होती, श्रम आपले होते, मान दुसऱ्याचा होता. दुसऱ्या दिवशी उरलेसुरले अन्न पदरात पडे, आणि त्यालाच आपला हक्क म्हणण्याची सवय आपल्याला लावण्यात आली होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाल्यावर गावोगावी आपल्या माणसांनी ते वाजविणे सोडले, ती पालखी सोडली, ते उष्टे सोडले. वाद्यात दोष नव्हता, ते वाजविण्याच्या सक्तीत दोष होता. हे ज्याला कळले त्याने दुसऱ्याच्या गळ्यात आपल्या शोभेसाठी ढोल अडकवावा, यासारखी दुसरी लाज नाही.

मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो. ठिकाणाचे नाव घेत नाही. आदिवासी दिनाचा कार्यक्रम होता. पाड्यावरून आलेली मुले आणि बाया सकाळपासून पावसात उभ्या होत्या. प्रमुख पाहुणे तीन तासांनी आले. तोवर त्यांना बसा असे कोणी म्हटले नाही. नाच दहा मिनिटांचा झाला, भाषणे दोन तास झाली, आणि भाषण करणाऱ्यांत आदिवासी एकही नव्हता. जेवणाची पहिली पंगत व्यासपीठावरील मंडळींची बसली. एक म्हातारी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “दादा, आमची गाडी कवा सुटल?” त्या कार्यक्रमाच्या वर्गणीत माझेही पैसे होते. परत येताना मला गावच्या जत्रेची आठवण झाली, आणि या वेळी मी देवळाच्या आत होतो हे ध्यानात येऊन मान खाली गेली.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, या उत्सवाला अवश्य जा. परंतु पाहुणे होऊन जा, सोबती होऊन जा, यजमान होऊन जाऊ नका.

आता पहिल्या मताकडे वळतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या उपासिकेने विचारले की, गौरीच्या नाचासमोर मी काय करावे? उत्तर सोपे आहे. गौरी-गणपतीला देव न मानण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे, ती तंतोतंत पाळावी. हात जोडू नयेत, नैवेद्य दाखवू नये, अंगात येण्याच्या प्रकाराला मान तुकवू नये, दारूचा पेला पुढे आला तर नम्रपणे नाही म्हणावे. परंतु दुसऱ्याचा नाच पाहणे म्हणजे पूजा नव्हे, आणि पेरणीचे गाणे ऐकणे म्हणजे शरण जाणे नव्हे. त्याच प्रतिज्ञांत सर्व मनुष्यमात्र समान आहेत असे मानण्याची नववी प्रतिज्ञा आहे आणि समता स्थापन करण्याचा प्रयत्न करण्याची दहावी प्रतिज्ञा आहे. पहिल्या प्रतिज्ञा पाळताना या दोन मोडू नयेत. वज्जींच्या गणराज्याची अवनती का होणार नाही, याची सात कारणे भगवान बुद्धांनी आनंदाला सांगितली. वज्जी वारंवार एकत्र जमतात, एकदिलाने निर्णय घेतात, वडिलांचा मान राखतात, स्त्रियांवर जबरदस्ती करीत नाहीत, ही त्यांत होतीच; पण वज्जी आपल्या चैत्यांचा आदर राखतात हेही होते. ज्या लोकांनी आपल्याला दीक्षा मागितलेली नाही त्यांच्या श्रद्धास्थानाची टवाळी करणे तथागतांनी शिकविलेले नाही. धम्म समजून घ्यावयाची इच्छा कोणी दर्शविली तर विहाराचे दार उघडे आहेच. परंतु उत्सवाच्या मांडवात उपदेशाचे दुकान मांडू नये.

आता प्रत्यक्ष योजना. भावना पुष्कळ झाली. उत्सव भावनेवर उभा राहत नाही, तो बैठकीत उभा राहतो.

पहिली गोष्ट बैठकीची. तयारीची पहिली बैठक शहरात न घेता पाड्यावर घ्यावी. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या सर्वांना एकच ‘आदिवासी बांधव’ समजू नये. त्यांच्या चालीरीती आणि अडचणी निरनिराळ्या आहेत. शासनाने ज्यांची गणना विशेष दुर्बल आदिम जमातींत केली आहे असा महाराष्ट्रातील एक समाज म्हणजे कातकरी. बहुधा तोच बैठकीत सर्वांच्या मागे बसलेला आढळेल. समितीत बहुमत त्यांचे असावे, अध्यक्ष त्यांचा असावा, आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असाव्यात. आपण लेखनिक व्हावे, खजिनदाराला हिशेबात मदत करावी, परवानगीचे अर्ज लिहून द्यावेत. जयंतीच्या मिरवणुका काढून हे काम आपल्या हाताखालून गेले आहे. ते कौशल्य आपण उसने द्यावे.

दुसरी गोष्ट वेळेची. ऑगस्टच्या आरंभी भाताची आवणी नुकतीच उरकत आलेली असते, काही ठिकाणी चालूही असते. मजुरीचा दिवस बुडवून माणूस येणार असेल तर त्याची भरपाई आणि जाण्यायेण्याचे भाडे हा खर्चाचा पहिला आकडा असावा; मंडप आणि ध्वनिक्षेपक त्यानंतर. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, आणि पावसाळ्यात ती गावी असतात. त्यांना भेटावयाचे, त्यांच्या मुलांची शाळेत नावे आहेत की नाहीत हे पाहावयाचे, तर हेच दिवस होत.

तिसरी गोष्ट मानाची. नाचणाऱ्यांना बसावयास जागा आणि कोरडे छप्पर हवे. पहिली पंगत त्यांची बसावी, आणि आपली मुले वाढावयास उभी राहावीत. पाहुणा उशिरा आला तर कार्यक्रम थांबू नये. पहिले भाषण आदिवासी स्त्रीचे असावे, मग ते तिच्या बोलीत का असेना. ज्यांना कळणार नाही त्यांनी शेजाऱ्याला विचारावे. गाण्याचे चित्रण करावयाचे असल्यास आधी विचारावे. प्रतिमा कोणाच्या ठेवावयाच्या हे त्यांनीच ठरवावे. बिरसा मुंडांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे आणि २५ सप्टेंबर १९३० रोजीच्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहातील हुतात्मा नाग्या कातकरी हे तर याच मातीतले आहेत. आपल्या मुलांना ही नावे ठाऊक नसतील तर तो दोष मुलांचा नाही.

चौथी गोष्ट बाजाराची. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, कर्टोली, भारंगी घेऊन आदिवासी बाया आपल्या स्टेशनांबाहेर बसतात. आपण एका जुडीसाठी घासाघीस करतो. ९ ऑगस्टला त्यांना मांडवात हक्काची जागा द्यावी, आणि उरलेले दिवस निदान घासाघीस सोडावी. वर्षातून एक दिवस ‘बांधव’ म्हणावयाचे आणि बाकीचे दिवस दोन रुपयांसाठी हुज्जत घालावयाची, हा उत्सव नव्हे.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट हक्काची. मांडवाच्या एका बाजूस लिहिता-वाचता येणाऱ्या आपल्या तरुण-तरुणींनी मेज मांडून बसावे. जातीचा दाखला, शिधापत्रिका, आधार, शाळेचा दाखला यांचे अर्ज तेथे भरून द्यावेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीला दावा करता येतो. तो दावा ग्रामसभेपुढे जातो. गावाला सामूहिक हक्कही मागता येतो. हे शांतपणे समजावून सांगावे. दाखल झालेल्या अर्जांचा पाठपुरावा दर पंधरवड्याला व्हावा. उत्सवाचा मांडव संध्याकाळी उतरतो, परंतु अर्जांची वही उतरता कामा नये.

कागदाचे मोल आपल्यापेक्षा अधिक कोणाला ठाऊक आहे? धर्मांतरानंतर अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती आपल्या समाजाला नाकारल्या गेल्या. १९५० च्या आदेशात प्रथम मुख्यतः हिंदूंचा समावेश होता, १९५६ साली शिखांचा सरसकट झाला, आणि बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडले. म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षे! अनुसूचित जमातींच्या बाबतीत धर्माची अशी अट नाही. एका समाजाला धर्म बदलला म्हणून दाखल्यासाठी झगडावे लागले, दुसऱ्याला रानात राहतो म्हणून कागदच मिळत नाही. दोघांचे दुःख निराळे, पण कचेरीची खिडकी एकच. त्या खिडकीपुढे आपण एका रांगेत उभे राहिलो तर रांग लवकर सरकेल.

मला प्रांजळपणे असेही सांगावयाचे आहे की, आपण शहरात आलो, शिकलो, नोकरीत लागलो, आणि बारवीच्या पलीकडच्या पाड्याकडे पाहण्याचे राहून गेले. आपल्या जयंतीला आपण किती आदिवासी कुटुंबांना मानाने बोलावले? हे आमंत्रण एकतर्फी राहू नये. त्यांच्या ९ ऑगस्टला आपण जावे. आपल्या १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्यांना पहिल्या रांगेत बसवावे. त्या दिवशी त्यांना नाचावयास सांगू नये. त्यांनी केवळ बसावे, ऐकावे, जेवावे. ज्याला न नाचता बोलावले जाते तोच खरा पाहुणा.

मातांनो आणि भगिनींनो, शेवटचे एक मागणे तुमच्यापाशी. उद्या सकाळी नळाला पाणी येईल तेव्हा हंडा भरताना मुलाला जवळ बोलवा आणि सांगा की, हे पाणी बारवीचे आहे; तेथे पूर्वी घरे होती, शेते होती; ती माणसे अजून आहेत, आणि ९ ऑगस्टला आपण त्यांच्याकडे जाणार आहोत. मूल विचारील, कशाला जावयाचे? तेव्हा त्याला महाडची गोष्ट सांगा, रोहिणी नदीची गोष्ट सांगा. एवढे केलेत तर निम्मी तयारी झाली असे मी समजेन. उरलेली निम्मी पाड्यावरच्या पहिल्या बैठकीत होईल. त्या बैठकीला जाण्यासाठी कोण कोण तयार आहे, त्यांनी आजच, येथून उठण्यापूर्वी, आपली नावे नोंदवावीत.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!